रक्तदान शिबिरानंतर धाकट्या भावाला हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह सांगितलं, त्रास तर काहीच नाही. घरात ताट-वाटी वेगळी करायची का? भावजयीला सातवा महिना आहे.

भाऊ, ताट-वाटी राहू द्या एकत्रच, दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश तेवढं त्याचं वेगळं करा.

मी जळगावला लॅबमध्ये कामाला आहे म्हणून सांगतो, आपल्याकडे कावीळ म्हटली की सगळी एकच समजतात. खराब पाण्याने होते ती ए नाहीतर ई, बी पसरते रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला. सोबत जेवल्याने, मिठी मारल्याने, डास चावल्याने नाही होत. वापरलेली सुई, न्हाव्याकडचं जुनं ब्लेड, यात्रेत एकाच सुईने गोंदून घेणं ही खरी भीतीची ठिकाणं, रक्त वाळलं तरी हा व्हायरस बाहेर ७ दिवस टिकतो. २००९ ला शेजारी गुजरातमध्ये मोडासा भागात बीची मोठी साथ आली होती ती वापरलेल्या सिरिंजमुळेच.

आणि त्रास नाही म्हणून सोडून देऊ नका. अमळनेर-चोपड्याकडची चांगली धडधाकट माणसं रिपोर्ट हातात घेऊन म्हणतात, माले काय व्हयेल शे? बीचं हेच वाईट आहे, २०-३० वर्षं गप्प बसते आणि मग एकदम पोटात पाणी, लिव्हर आकसलेलं किंवा कॅन्सर. कोणी कावीळ उतरवायला नेतो म्हणेल, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं झालं की उतरली म्हणे! अहो पण याचे डोळेच पिवळे नाहीत तर उतरवणार काय? उलट गावठी औषधाने लिव्हरला त्रास व्हायचा तो वेगळाच.

ब्लड बँकेची टेस्ट स्क्रीनिंगची म्हणजे पहिल्या चाळणीची असते, एचबीएसएजी (बीची रक्तातली तपासणी) परत करून घ्या. परत पॉझिटिव्ह आली तर लिव्हरच्या टेस्ट, व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ते), सोनोग्राफी. गोळ्या सगळ्यांनाच लागतात असं नाही, पण डॉक्टर सांगतील तसं दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं, दारू बंद. सिव्हिलला चौकशी करा, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं फुकट आहेत. आई, तुम्ही, भावंडं सगळ्यांनीच टेस्ट करा, निगेटिव्ह असाल तर लस घ्या, आज एक, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी.

पण सगळ्यात आधी भावजय, तिची टेस्ट याच आठवड्यात. निगेटिव्ह आली तर लस गरोदरपणातही देता येते. पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका, लोड जास्त असेल तर शेवटच्या महिन्यांत गोळी देतात आणि बाळाला जन्मल्यावर लवकरात लवकर, २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (बीविरुद्धच्या तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शन. हे चुकलं आणि बाळाला लागण झाली तर १०० पैकी ९० जणांना ती कायमची राहते, मोठ्या माणसात हेच प्रमाण ५ च्याही खाली. इम्युनोग्लोब्युलिन सगळीकडे ठेवलेलं नसतं, म्हणून बाळंतपण माहेरी करणार असाल तर रिपोर्ट फाईलला लावून तिकडच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.