संदिग्ध वेगळे, संशयित वेगळे

फझी संचात, म्हणजे ज्यात एखादी गोष्ट ० ते १ मधील कितीही अंशाने बसू शकते अशा संचात, या सदस्यत्वाच्या अंशाला एका आकड्याऐवजी अंतराल (समजा, ०.६ ते ०.९) दिले, तर त्यातून मोजल्या जाणाऱ्या 'अनसर्टन्टी'ला संदिग्धता म्हणावे की अनिश्चितता, असे सोलापुरातील गणिताच्या एका अध्यापिकेने विचारले आहे. आधी रोज कानांवर येणाऱ्या एका चुकीविषयी लिहिणे भाग आहे. बातम्यांत हल्ली पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या माणसाला 'संदिग्ध' म्हणतात. मराठीत माणूस संशयित असतो. संदिग्ध असते ते विधान. हिंदीच्या नकलेने जो भेद पुसला जात आहे, त्यातच या प्रश्नाचे उत्तर आहे.

'संदिग्ध'च्या मुळाशी 'दिह्' धातू आहे, म्हणजे लिंपणे, माखणे. विष माखलेल्या बाणाला संस्कृतात 'दिग्ध' म्हणत. 'देह' त्याच धातूचा आणि ऋग्वेदातील 'देही', म्हणजे तट, हाही त्याच धातूचा. पारशी धर्मग्रंथ अवेस्तातील 'पइरिदएझ', म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा, याच कुळातली. त्या शब्दातूनच पुढे 'फिरदौस', म्हणजे स्वर्ग, आला. आपला संदेह आणि स्वर्गाची बाग एकाच लिंपणातून निघाली, हे कळल्यापासून आमच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळून जाताना मला हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही.

संशोधक लोत्फी झादे यांनी १९६५ साली मांडलेल्या फझी संचाची कडच अशी लिंपलेली असते. त्याला 'अस्पष्ट संच' म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. 'स्पष्ट' हा 'स्पश्', म्हणजे पाहणे, या धातूचा. 'अस्पष्ट' म्हटले की दोष पाहणाऱ्याच्या नजरेकडे जातो. ४१ अंशांचे ऊन 'कडक' या संचात ०.७ इतके बसत असेल, तर तापमापक कितीही अचूक आणला तरी ते ०.७ च राहते.

'संशय'चा धातू 'शी', म्हणजे निजणे, पडून राहणे. मन दोन टोकांच्या मध्ये पडून राहते तो संशय, असे मी मानतो. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत तो तिसरा असून, दुरून दिसते ते खांब की माणूस, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तिथे खांबाची कड लिंपलेली नसते, आपले ज्ञान तोकडे असते.

गेल्या मे महिन्यात सात रस्त्याजवळच्या टपरीवर मी त्याच ४१ अंशांच्या उन्हाला दहापैकी गुण मागितले. "आज कुठं ऊन हाय?" म्हणत चहावाल्या मामांनी सहा दिले, तर महाबळेश्वरहून आलेल्या माझ्या पाहुण्यांनी नऊ. अंतराल झाले ०.६ ते ०.९ आणि त्याची ०.३ ही रुंदी म्हणजे संशय. डी ल्युका आणि टर्मिनी या संशोधकांचे १९७२ चे माप संदिग्धता मोजते, ते ०.५ ला सर्वाधिक, तर ० आणि १ ला शून्य असते. बुरिलो आणि बुस्तिन्से यांचे १९९६ चे माप रुंदीकडे पाहते. दोन्ही टोके ०.५ वर असतील तर संदिग्धता पूर्ण आणि संशय शून्य. अंतराल ० ते १ असेल तर संशय पूर्ण. म्हणून बाईंनी 'अनिश्चितता' हा शब्द दोहोंच्या एकत्रित नावासाठी राखावा आणि फळ्यावर संदिग्धता व संशय ही मापे वेगवेगळ्या चिन्हांनी लिहावीत.