इंजिन ठोकतंय, पण कधी?

प्रश्न : काका, माझी डिझेल एसयूव्ही २०१४ची आहे, २ लाख ३५ हजार किलोमीटर झालेत. दर शनिवारी साताऱ्याला जातो. सकाळी स्टार्ट करताना काही नसतं, पण महिनाभर झाला, खंबाटकीच्या चढाला आतून जड ठकठक येते. वर पोचून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की क्षणभर जास्तच. ऑइलचा दिवा लागत नाही. एक गॅरेजवाला म्हणतो फुल इंजिन करा, सव्वा लाख. दुसरा म्हणतो जाड ऑइल आणि एक डबा अ‍ॅडिटिव्ह टाकतो, दोन वर्षं बघायला नको. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : तूर्त कोणाचंच नाही. आणि हा शनिवार एसटीने जा, स्वारगेटवरून.

आवाज कसा येतो ते सगळेच सांगतात, तोंडाने वाजवूनही दाखवतात. तुम्ही तो कधी येतो ते लिहिलंत, म्हणून इथे बसून काहीतरी बोलता येतं. डिझेल इंजिन गार असताना कडकडतंच. फवारलेलं डिझेल लगेच पेटत नाही, जरा साचतं आणि एकदम भडकतं. इंजिन तापलं की हा उशीर कमी होतो. पिस्टन ढिला झाला असेल तरी तो सकाळी वाजतो आणि तापून फुगला की गप्प होतो. तुमचं बरोबर उलटं आहे. गार असताना गप्प, तापल्यावर बोलतं, तेही लोडवर आणि पाय सोडताना. असं झालं की मी पहिला संशय बिग एंड बेअरिंगवर घेतो, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जिथे धरतो तिथल्या बेअरिंगवर.

क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, शेल म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पट्टी. या दोघांत मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी फट असते आणि तिच्यात ऑइलचा थर. शेल झिजलं की फट वाढते, ऑइल बाजूने निसटतं आणि रॉड क्रँकवर आपटायला लागतो. गार ऑइल जाड असतं, ते हा आवाज दाबून ठेवतं. जाड ऑइलवाला नेमकं हेच दिवसभरासाठी करून देणार. शिवाय तसलं ऑइल सकाळी स्टार्टला वर पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ बेअरिंग कोरडं घासतं. जुनी गाडी विकणारे हा डबा हमखास टाकतात. तुम्हाला गाडी विकायची नाहीये.

दिव्यावर विसंबू नका. प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या आसपास उतरेपर्यंत तो लागतच नाही. ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे गेज लावायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन पूर्ण तापवून स्लोला (अ‍ॅक्सिलरेटर न देता) आणि दोन हजार आरपीएमला रीडिंग घ्या, आणि ते तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. मग ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडा. चमचमणारा चुरा दिसला तर तो शेलचा असू शकतो. लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे काही नाही’ म्हणणारे भेटतील. शेलचा वरचा थर तांबं, कथील, अ‍ॅल्युमिनियम असल्या धातूंचा असतो, तो चिकटणारच नाही.

अजून मी संशयच म्हणतोय. धंद्याच्या सुरुवातीला मार्केट यार्डात कांदा आणणारा एक ट्रक माझ्याकडे आला होता. ठकठक ऐकली आणि मोठ्या रुबाबात चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवलं. बेअरिंगं कोरी करकरीत. गळत होतं तिसऱ्या सिलिंडरचं डिझेल फवारणारं नोझल. आधी नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले असते, म्हणजे एकेका सिलिंडरचं डिझेल तोडलं असतं, तर तिसऱ्यालाच आवाज थांबला असता. मजुरी मागायचं तोंड राहिलं नाही. तुमच्या गाडीवर मात्र ही युक्ती कोणाला करू देऊ नका. ती कॉमन रेल आहे, त्या नळ्यांत हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेलची धार कातडीत घुसते. स्कॅनर लावून एकेक सिलिंडर बंद करून बघता येतो. आणि उभ्या गाडीत क्लच दाबल्यावर आवाज बदलतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बदलत असेल तर आधी फ्लायव्हील, म्हणजे क्लचला लागून असलेलं जड चाक, बघायला लावा.

प्रेशर कमी आणि फिल्टरमध्ये चुरा, असं दोन्ही निघालं तर चेंबर उघडा, पण लगेच सव्वा लाखाला हो म्हणू नका. क्रँकवर मायक्रोमीटर लावून माप तुमच्यासमोर घ्यायला सांगा. क्रँक मापात आणि चरे नसलेला असेल तर नवी शेल बेअरिंगं टाकून भागतं, फक्त ऑइल पंपही तपासून घ्या. चरे असतील तर पाव मिलिमीटर ग्राइंड करून त्या बारीक झालेल्या क्रँकला बसणारी अंडरसाइज शेल, तेही कंपनीने त्या क्रँकला ग्राइंडिंग चालतं असं दिलं असेल तरच. तसंच चालवत राहिलात तर एखाद्या चढाला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल, आणि मग सव्वा लाख स्वस्त वाटतील.

प्रश्न : माझ्या पिकअपला सकाळी टिकटिक येते, दहा मिनिटांत जाते. दोनदा टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले, फरक शून्य.
— टेम्पोमालक, भोसरी

उत्तर : तिसऱ्यांदा करू नका. गार इंजिनावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडाला बॅटरी मारून बघा, काळी काजळी दिसेल. गॅस्केट फुटलंय किंवा स्टड तुटलाय. लोखंड तापून फुगलं की फट बुजते, म्हणून टिकटिक जाते.

प्रश्न : पेट्रोल एसयूव्ही, १ लाख ६० हजार. कात्रजच्या चढाला टणटण वाजते. महागडं पेट्रोल टाकलं की थांबते. तेच टाकत राहू का?
— वाचक, धनकवडी

उत्तर : मॅन्युअलमध्ये ९१ ऑक्टेन लिहिलं असेल तर साध्या पेट्रोलवर वाजायला नको. इतक्या किलोमीटरला पिस्टनच्या डोक्यावर कार्बन साचतो, कॉम्प्रेशन वाढतं आणि पेट्रोल वेळेआधी पेटतं. कार्बन साफ करून घ्या, कूलंट आणि नॉक सेन्सर (हा ठोका ओळखणारा) तपासा. आणि चढाला चौथ्यात ओढू नका, तिसरा टाका. अ‍ॅव्हरेजच्या लोभाने निम्मी पुणेरी इंजिनं ठोकतात.