गांडुळं टबाबाहेर पळताहेत, तर आधी त्यांचा घास कमी करा

ताई, बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. पिंपळे सौदागरला चौथ्या मजल्यावर फ्लॅट. ड्राय बाल्कनीत झाकणाचा प्लॅस्टिकचा टब, त्यात नर्सरीतून आणलेली अर्धा किलो गांडुळं, आणि पाच माणसांच्या स्वयंपाकघरातला सगळा ओला कचरा रोज त्यातच. तीन आठवड्यांत आंबूस वास सुटला, बारीक पांढरे किडे झाले आणि आता गांडुळं झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटून बसताहेत. शेजारच्या काकूंचं म्हणणं, अशानं घरात साप येतात. हे सगळं बंद करू का, असं तुम्ही विचारलंय.

सापाचं सोडून द्या. गांडुळांसाठी चार मजले चढून कुठलाही साप येत नाही. बाकीच्या तक्रारी मात्र खऱ्या आहेत आणि त्यांचं मूळ एकच आहे: टबात घर आहे अर्धा किलो गांडुळांचं, आणि जेवण पडतंय त्यांच्या कितीतरी पट.

गांडुळाला दात नसतात. साल कुरतडून खाणं त्याला जमतच नाही. जिवाणू आणि बुरशी आधी त्या सालीवर काम करतात, ती मऊ पडते, मग तो मऊ गाळ आणि त्यातले जिवाणू गांडूळ ओढून घेतं आणि पोटातल्या पेषणीत मातीच्या कणांबरोबर दळतं. म्हणजे आज टाकलेली दुधीची साल आज त्याच्या उपयोगाची नाही, आठवड्याभरानं आहे. तोवर तुम्ही तिच्यावर आणखी सहा-सात थर चढवलेले असतात. खालच्या थरात हवा पोचत नाही, तो आंबतो, आंबताना गरम होतो. गांडूळ श्वास घेतं ते ओल्या कातडीतून. हवा संपली आणि आंबटपणा वाढला की त्याला वर येण्यावाचून गत्यंतर नसतं.

पुस्तकी हिशेब असा की सगळं उत्तम असेल तर गांडुळं रोज आपल्या वजनाच्या निम्मं खातात. म्हणजे तुमची अर्धा किलो गांडुळं फार तर पाव किलो. पण नवीन जागेत, एप्रिलच्या उन्हात, ‘सगळं उत्तम’ कुठून असणार? मी पहिला महिना शंभर ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. पाच माणसांच्या घरात एकट्या कलिंगडाच्या सालीच त्याच्या दसपट निघतात.

आता लगेच काय करायचं ते सांगते. खाणं पूर्ण थांबवा. टबातला न कुजलेला, चिकट झालेला थर वरून उचलून वेगळ्या बादलीत काढा. उरलेलं हातानं अलगद मोकळं करा (खुरपं नको, तुकडे झालेल्या गांडुळाची दोन गांडुळं होतात ही शाळेतली अफवा आहे). त्यात फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, अंड्यांच्या ट्रेचे तुकडे, सुका पालापाचोळा किंवा धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, आणि घालताना हात आखडू नका. कोकोपीट धुवायचं ते त्यात मीठ असू शकतं म्हणून. दोन-तीनदा भिजवून पिळून घ्या. मग मूठभर माल घट्ट दाबून बघा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर आणखी कागद. टबाच्या तळाला आणि बाजूंना भोकं नसतील तर आजच पाडा. झाकण काढून ठेवा आणि वर ओलं गोणपाट टाका. पळणं थांबेपर्यंत रात्री बाल्कनीतला दिवा चालू ठेवा, गांडुळांना उजेड सोसत नाही, ती खाली जातात.

या दोन-चार रात्रीत वास गेला नाही तर माल अजून ओला आहे, पुन्हा कागद.

पांढरे किडे कोणते, ते तुम्ही लिहिलं नाही, आणि यात फरक पडतो. दोऱ्याच्या तुकड्याएवढे, दुधी पांढरे, एकाच जागी गोळा झालेले असतील तर ते पांढरकृमी. ते गांडुळाला त्रास देत नाहीत, पण माल आंबट झाल्याची खबर देतात. तसेच बारीक पण आत लालसर रेघ दिसणारे असतील तर अभिनंदन, ती गांडुळांची पिल्लं आहेत. आणि जाड, चपटे, करड्या रंगाचे, वळवळणारे असतील तर त्या ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या अळ्या. दिसायला भयंकर, पण चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, आणि कचरा गांडुळांपेक्षा झपाट्यानं संपवतात. त्या खूप झाल्या की टब तापतो, म्हणून चिमट्यानं काढून कुंडीत टाकते मी. साळुंक्या वाट बघत असतात.

आंबटपणावर उपाय म्हणजे अंड्यांची टरफलं वाळवून, मिक्सरमधून काढून, त्याची चमचाभर पूड. पेषणीला दळायला बारीक कणी मिळते तीही त्यातूनच. घरात अंडी येत नसतील तर कोपऱ्यावरच्या भुर्जीवाल्याकडे मागा, पिशवीभर देईल. चुना मात्र टाकू नका. खायचा चुना कातडीला भाजतो, आणि गांडूळ म्हणजे सगळी कातडीच.

आता खाण्याचं. इंटरनेटवरच्या याद्या बहुतेक परदेशातल्या स्वयंपाकघरांच्या असतात. आपल्याकडे अडचण येते ती वेगळ्याच गोष्टींची. चहाचा चोथा उत्तम, पण आपला चोथा दुधा-साखरेत उकळलेला असतो, तो चाळणीतच पाण्याखाली धरून मग टाकायचा. फोडणीची भाजी, आमटीचा गाळ, लोणच्याची फोड, तेलकट पोळी यांतलं काहीही नको. मीठ आणि तेल दोन्ही गांडुळाला घातक. लिंबाच्या साली एखाद-दुसरी चालते, सरबताच्या दिवसांत निघतात तेवढ्या चालत नाहीत. कांद्या-लसणाची टरफलं मी बाहेरच ठेवते. कोथिंबीर-मेथीची देठं बारीक चिरून टाका. शेवग्याच्या चघळलेल्या शेंगा टाकू नका: त्यांत मीठ-मसाला असतो, आणि दोरे महिनोन्‌महिने तसेच राहतात. देवाच्या फुलांतला दोरा आणि कुंकू लागलेली फुलं काढून बाकीचं चालेल. केळ्याच्या सालीवर चिलटांची अंडी आधीच असतात, त्यामुळे साली दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग टाकल्या तर चिलटं बरीच कमी होतात, आणि साली लवकर कुजतात हा वर फायदा. घरच्यांनी फ्रीजरमधल्या सालींवरून बोलणं ऐकवलं तर ते तुमचं तुम्ही बघा.

आणि आंबा. सालींचा ढीग टाकला तर आठवड्यात टब आंबलाच समजा. पण एखादी चोखलेली कोय, किंचित फटलेली, एका कोपऱ्यात पुरून विसरून जा. महिन्या-दीड महिन्यानं काढून बोटांनी उघडा. आतल्या पोकळीत तांबूस गांडुळांचा गुंता असतो, आणि कोयीच्या केसांत अडकलेली मोहरीहून जराशी मोठी, दोन्ही टोकांना निमुळती, पिवळसर कोषं दिसतात. पिकत आलेलं कोष तांबूस होतं. एकेका कोषातून दोन-तीन किंवा जास्तही पिल्लं निघतात, आपल्या हवेत साधारण तीन आठवड्यांत. मला या छंदात सगळ्यात जास्त मजा येते ती अशी कोय उघडताना, खत नंतरचं.

जात कोणती आणलीत हेही तपासा. नर्सरीवाले ‘परदेशी गांडूळ’ म्हणून काहीही देतात, बहुधा मिश्रणच असतं. अंगावर पिवळट पट्टे असतील तर आयसेनिया फेटिडा. हे सर्वांत समजूतदार, पण त्याला १५ ते २५ अंश सेल्सिअस आवडतं आणि ३५ च्या पुढे ते मरतं. जाड, लांब, करडं-जांभळं असेल तर युड्रिलस युजेनी. मूळ आफ्रिकेतलं, ऊब सोसणारं, खादाड, थंडीला मात्र कच्चं. बारीक, निळसर चमक असलेलं, हात लावताच सळसळत पळणारं असेल तर आपलंच पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. ते गुणी आहे, पण पावसाळी रात्री विनाकारण फिरायला निघतं, आणि सकाळी लादीवर वाळून पडलेलं सापडतं. पावसात बागेत वर येणारी मातीतली गांडुळं गोळा करून मात्र टबात टाकू नका. ती माती खाऊन खोल राहणारी, टबात मरतात.

पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये प्लॅस्टिकचा टब ही चुकीचीच निवड आहे. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन असतं, वर दुपारचं ऊन. त्यापेक्षा तळाला भोक असलेला जुना माठ किंवा मातीची मोठी कुंडी घ्या. बाहेरून पाणी झिरपून सुकतं आणि आत गार राहतं. खाली विटा आणि विटांखाली पाण्याची परात ठेवलीत तर मुंग्याही येत नाहीत. मुंग्या आल्या तर समजायचं, माल कोरडा पडलाय.

तळाशी जमणारं काळं पाणी वर्मीवॉश (झाडांना घालायचं गांडूळखताचं पाणी) म्हणून बाटल्यांत भरू नका. वर्मीवॉश तयार, कुजून संपलेल्या मालातून स्वच्छ पाणी झिरपवून काढतात. तुमच्या टबाखालचं पाणी कच्च्या कचऱ्याचा निचरा आहे. वास नसेल तर दसपट पाण्यात मिसळून शोभेच्या झाडांच्या मुळाशी घाला. वास असेल तर सरळ ओतून द्या. कोथिंबीर-पालकावर कधीच नको.

खत दोन-तीन महिन्यांनी निघेल. चहापूडीसारखं काळं, दाणेदार, पावसानंतरच्या मातीचा वास असलेलं झालं की एकाच बाजूला खाणं टाकायला लागा. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक गांडुळं तिकडे सरकतात, रिकाम्या बाजूचं काढून चाळायचं. कुंडीला महिन्याला मूठ-दोन मुठी पुरे. निव्वळ गांडूळखतात रोप लावू नका, पाणी धरून मुळं कुजतात.

आता बंद करावं का? तुम्हाला रोजचा सगळा ओला कचरा घरातच जिरवायचा असेल, तर गांडुळं हे त्याचं साधन नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि विकणारे हे सांगत नाहीत. त्यासाठी भोकं पाडलेल्या दोन बादल्या, पोतंभर सुका पाला आणि थोडं आंबट ताक एवढं पुरतं. एक भरली की बाजूला ठेवायची, दुसरी सुरू. पाला तुमच्या सोसायटीचा माळी रोज झाडून पोत्यात भरतो, त्याला सांगून ठेवा. गांडुळं ठेवायची ती आवड म्हणून, आणि त्यांना द्यायचं ते त्या बादलीत पंधरा दिवस मुरलेलं. तेव्हा साखर निघून गेलेली असते, माल तापत नाही, चिलटं नाहीत. मी दोन्ही चालवते. बादल्यांमुळे कचऱ्याची चिंता नसते, म्हणून माठाकडे शांतपणे बघता येतं.

काकूंना जमलं तर या दोन बादल्यांमध्ये भागीदार करून घ्या. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी साठवण्याची सोय असलेल्या मिळकतींना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. पिंपळे सौदागर मात्र पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं, त्यामुळे तुमच्याकडे काय सवलत आहे ते तिथे विचारा; एका टबावर ती मिळणार नाही. पण सोसायटीचा चालू प्रकल्प असेल तर विषय काढण्यासारखा आहे. आणि सवलतीचं ऐकल्यावर सापांची चर्चा आपोआप थांबते.

त्या पांढऱ्या किड्यांचा जवळून, उजेडात एक फोटो टाका. अळ्या निघाल्या तर टब आताच दोन भागांत वाटावा लागेल, बाकी काही असेल तर आठवडाभर नुसतं उपाशी ठेवून बघा.