रत्नागिरीत गिअरची सायकल दोन महिन्यांत गंजली. नवी घेताना आणि सांभाळताना काय बघू?

भाट्याच्या पुळणीवर रोज फिरवता म्हणालात, मग दोष सायकलपेक्षा खाऱ्या वाऱ्याचा जास्त. पुळणीवरून आलात की त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप मात्र नको, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं.

चेन कोरडी पुसून प्रत्येक कडीवर एकेक थेंब चेन ल्यूब सोडा, दहा मिनिटांनी वरवरचं पुसून घ्या. ते राहिलं तर वाळू चिकटते. पावसात वेट ल्यूब (पाण्याने धुऊन न जाणारं, घट्ट), एरवी ड्राय (पातळ, कोरडं होणारं). खोबरेल अजिबात नको. (आमच्याकडे एकाने लावलं होतं, मुंग्या लागल्या.)

चेनची झीज साध्या पट्टीने कळते. नव्या चेनच्या 24 कड्या 12 इंच भरतात. वर दीड मिलिमीटर गेल्या की चेन बदला, नाहीतर ती कॅसेटही (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या) खाईल.

सीटपोस्टचं, म्हणजे सीटखालच्या दांडीचं, कोणी सांगत नाही. वर्षातून दोनदा बाहेर काढून ग्रीस लावा. मी आळस केला आणि दोन पावसाळ्यांत तो फ्रेममध्ये असा बसला की करवतीने कापावा लागला.

नवी घेताना ॲल्युमिनियम फ्रेम आणि शक्यतो हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक बघा. स्वस्तातला मागचा शॉक म्हणजे नुसतं वजन. जांभ्याचा चिखल ब्रेकचे रेझिन पॅड भराभर खातो, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) जास्त टिकतात. पण रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) फक्त रेझिनसाठी असं लिहिलं असेल तर ते चालणार नाहीत.