मुलीला घरी शिकवायचंय, नोकरी सोडू का? हिशोब मांडून बघूया

जय ख्रिस्त ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात तुमचा प्रश्न असा की तुम्ही दोघं पुण्यात, मुलगी सहा वर्षांची, तिला जूनपासून शाळेतून काढून घरीच ख्रिस्ती पद्धतीने, हाताने करून बघत शिकवायचंय, त्यासाठी तुम्ही अकाउंट्सची नोकरी सोडणार, बाहेरून ७२,००० चा तयार कोर्सचा बॉक्स मागवणार आणि पीएफ काढून होम लोनमध्ये भरणार. शिकवायचा निर्णय तुम्ही प्रार्थना करून घेतलाय, त्यात मी पडत नाही, मला तो आवडलाही. पण बॉक्स आणि पीएफ या दोन्हीला माझं स्पष्ट नाही आहे, आणि नोकरी सोडायला हो आहे, फक्त एका अटीवर.

आधी खरा खड्डा किती ते बघा. तुमचा इन हँड पगार ३८,००० आहे म्हणून तुम्हाला वाटतंय ३८,००० गेले, पण तसं नाहीये. शाळेची फी आणि बस मिळून वर्षाला ८६,०००, म्हणजे महिना साधारण ७,२०० वाचतात, पाळणाघराचे ५,५००, तुमचं पेट्रोल नि डबा-चहा ३,५००, आणि तुमच्या पगारावरचा दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा दहावा भाग, ३,८००. झाले २०,०००. उलट बाजूला घरच्या शिक्षणाचा खर्च २,५०० धरा आणि हेल्थ नि टर्म (म्हणजे निव्वळ आयुर्विमा) इन्शुरन्स मिळून ३,५००, कारण ते आत्ता तुमच्या ऑफिसमुळे फुकट मिळतंय किंवा नाहीच आहे. म्हणजे निव्वळ फटका २४,००० चा. आत्ता तुमची महिन्याची शिल्लक एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली महिन्याची गुंतवणूक, धरून १३,४०० आहे, ती पूर्ण जाऊन वर १०,६०० ची तूट येते.

दशांश कमी करू का असं तुम्ही विचारलंत, मी तो कुठेच कापलेला नाही बघा. मिस्टरांच्या ६२,००० वर ६,२०० तसाच धरलाय, तो तुमच्या घरात पहिला खर्च आहे तर कागदावरही पहिलाच लिहायचा.

आता अट. ओळखीची दोन दुकानं जीएसटी रिटर्नचं काम घरून द्यायला तयार आहेत, १०,००० मिळतील असं लिहिलंय तुम्ही. त्यातून दशांश गेला की ९,००० उरतात, तूटही भरत नाही आणि एसआयपी शून्य. असं वर्षभर चालतं, मुलगी चौदाची होईपर्यंतची आठ वर्षं नाही चालत. १८,००० चं काम हातात असेल तर दशांश आणि तूट जाऊन ५,६०० उरतात, म्हणजे एसआयपी निम्म्यावर का होईना चालू राहते. तेव्हा अजून दोन-तीन गिऱ्हाईकं मे महिन्याआधी पक्की करा आणि मगच राजीनामा द्या. सकाळी मुलगी, दुपारी वह्या, हे जमण्यासारखं आहे कारण घरी एकाच मुलाला शिकवताना शाळेइतके तास लागतच नाहीत.

मेअखेर तुमची नोकरी ८ वर्षं ७ महिने होते. ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांत, सहा महिन्यांवरचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून ९ वर्षं, २४,००० बेसिकवर साधारण १,२४,६०० मिळतील. ही रक्कम थेट इमर्जन्सी फंडात टाका. तुमची १,४०,००० ची एफडी, ग्रॅच्युइटी आणि आत्तापासून सहा महिने सगळी शिल्लक बाजूला ठेवलीत तर त्याचे ८०,४००, मिळून ३,४५,००० होतात. पुढचा महिन्याचा खर्च ७२,६०० धरला तर पावणेपाच महिने निघतील. मला सहा हवे होते पण ठीक आहे, एका पगाराच्या घराला एवढं तरी पाहिजेच.

पीएफला हात लावू नका, खरंच. २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालंय आणि तुमचं लोन ८.३५ ने आहे, तेवढ्या फरकासाठी म्हातारपणाचे फक्त तुमच्या नावावरचे एकमेव पैसे बँकेत भरून टाकायचे का? पीएफसोबतच्या पेन्शनसाठी नोकरीची दहा वर्षं पूर्ण करून मग सोडू असंही तुमच्या मनात आहे. तर १५,००० पगाराच्या मर्यादेवर दहा वर्षांची पेन्शन महिना साधारण २,१४३ बसते, तीही ५८ नंतर. त्यासाठी मुलीची दीड वर्षं घालवू नका. पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, पुढे कधी नोकरी केलीत तर जुनी वर्षं जोडली जातात.

हेल्थ पॉलिसी मात्र आजच बघा. मिस्टरांना बीपी आहे, आधीच्या आजाराचा क्लेम मिळायला वेटिंग तीन वर्षांपर्यंत असतं, म्हणून ऑफिसची पॉलिसी चालू असतानाच दुसरी सुरू करा, बीपी लिहून, लपवून नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ आणि टर्मच्या प्रीमियमवर जीएसटी नाही, तेवढी मदत आहे. टर्म मिस्टरांच्या नावे एक कोटीची. शाळेच्या फीवरची ८०सी कलमाची टॅक्स सवलत जाईल ही काळजी सोडा, टॅक्सच्या नव्या रिजिमला ती नाहीच आणि तुमच्या दोघांच्या पगारावर टॅक्सही बसत नाही.

आता बॉक्स. तुम्ही पाठवलेली यादी बघितली, त्यात डॉलर-सेंटची नाणी, इंचाची पट्टी, अमेरिकेचा इतिहास. तुमच्या मुलीला रुपये मोजायचेत, मंडईतून सुटे परत आणायचेत. नोहाचं तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच होतं, हे तिने स्वतःच्या कोपरापासून बोटापर्यंतच्या हाताने दोरी मापून सोसायटीच्या आवारात पसरून बघावं, दोरी कुठे संपते ते कळलं की गुणाकारही येतो आणि उत्पत्तीचा सहावा अध्यायही लक्षात राहतो, खर्च दोरीचा. मोहरी पेरा, रोज उंची लिहा. भाकरीच्या पिठात अर्धा-पाव शिकवा. पंडिता रमाबाईंना संस्कृत त्यांच्या आईनेच घरी शिकवलं होतं, आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मुलींना वाचण्याबरोबर विणकाम, शेती, छपाई हाताने करायला लावली. केडगाव पुण्याहून लोकल गाडीने जाऊन येण्यासारखं आहे, एक दिवस दाखवून आणा. २,५०० महिना मी धरलाय त्यात पुस्तकं, रंग, भिंग, माती आणि अशा दोन सहली आरामात बसतात. वर्षभराने एखाद्या विषयात अडलात तर त्या विषयाचं पुस्तक घ्या, अख्खा बॉक्स नको.

परीक्षेचं दार उघडं ठेवायचं. एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळेची दहावी वयाची १४ पूर्ण झाल्यावर देता येते, त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे टप्पेही आहेत. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याची वेगळी व्यवस्था लिहिलेली नाही, पण मध्येच शाळेत यायचं झालं तर वयानुसार वर्गात घ्यायची तरतूद त्यात आहे. खाजगी शाळा मात्र प्रवेशाचे पैसे नव्याने घेईल. त्यासाठी मॉन्टेसरीच्या वेळचं जे डिपॉझिट परत मिळेल ते वेगळं ठेवा, खर्चू नका. आणि दोन वर्षांनी मुलगी आठ वर्षांची झाली की दोघं परत बसा, हाच कागद घेऊन, तेव्हा तुमची गिऱ्हाईकं किती आणि ती वाचते कशी दोन्ही बघून पुढचं ठरवा.

या आठवड्यात एचआरला दोनच गोष्टी विचारा, ग्रॅच्युइटीचा आकडा लेखी मिळेल का आणि ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवसापर्यंत असते की महिनाअखेरपर्यंत. उत्तर आलं की मला कळवा, पॉलिसी कुठल्या तारखेपासून घ्यायची ते सांगते.