जोना लोमूची कारकीर्द लवकर का थांबली?

प्रश्न : न्यूझीलंडचा रग्बीपटू जोना लोमू एवढा गाजला, तरी त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अल्पावधीतच का संपली?

उत्तर : याचे कारण मूत्रपिंडाचा विकार. टोंगन वंशाच्या, ऑकलंडमध्ये जन्मलेल्या लोमूने १९९४ मध्ये, वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी, न्यूझीलंडकडून पदार्पण केले. पुढच्याच वर्षी केपटाऊनला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून केलेले गुण) नोंदवले. त्यांतला पहिला आजही अंगावर काटा आणतो : मागे पडलेला चेंडू त्याने वळून उचलला, दोघांना चुकवले, मध्येच तो अडखळला आणि तोल सावरता सावरता समोर उभ्या ठाकलेल्या इंग्लंडच्या माइक कॅटला अक्षरशः तुडवून रेषेपार गेला. एवढी ताकद आणि एवढा वेग एकाच देहात त्यापूर्वी क्वचितच कोणी पाहिला असेल.

त्याच वर्षाअखेर त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम असल्याचे निदान झाले. या विकारात मूत्रपिंडाची गाळणी बिघडून रक्तातील प्रथिने लघवीवाटे निघून जातात, अंगावर सूज येते आणि थकवा जाणवतो. तरीही त्याने १९९९ च्या विश्वचषकात आठ ट्राय केले, ही गोष्ट मला त्या चार ट्रायपेक्षाही मोठी वाटते. ६३ कसोटींत (रग्बीत आंतरराष्ट्रीय सामन्यांना कसोटी म्हणतात) ३७ ट्राय करून २००२ मध्ये तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. २००३ मध्ये डायलिसिस सुरू झाले, २००४ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आणि त्यानंतरही तो वेल्समधील कार्डिफच्या क्लब संघाकडून मैदानात उतरला. नोव्हेंबर २०१५ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, त्याचे ऑकलंडमध्ये निधन झाले.