डेबियन लिनक्स अपडेट केलं की एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नाहीतर डीएससी (डिजिटल सहीचं यूएसबी) टोकन बंद पडतं. हे डेबियनवाल्यांनीच दुरुस्त करायला नको का? आणि डेबियन 12 वरून 13 ला जावं का?

राग कळतो, पण तुम्ही भलत्याच दारावर थापा मारताय. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ फ्लॅटला कुलूप लावून पुण्याला असतात. पावसाळ्यात त्यांच्या बाथरूममधून तिसऱ्या मजल्यावर गळती. कमिटीवाले सगळे बिनपगारी. गच्ची, जिना, बाहेरचे पाइप सगळं करून घेतात, पण कुलपाची किल्ली त्यांच्याकडे नाही. क्लोज्ड सॉफ्टवेअरच्या (ज्याचा सोर्स कोड उघड नसतो) बाबतीत डेबियनचे मेंटेनर, म्हणजे पॅकेजेस सांभाळणारे, हेच कमिटीवाले. 1997 पासून त्यांच्या सोशल कॉन्ट्रॅक्टमध्ये स्वच्छ लिहिलंय की नॉन-फ्री, म्हणजे मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरचा विभाग, हा डेबियनचा भाग नाही, वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी तो ठेवलाय. सिक्युरिटी टीमही त्याची हमी घेत नाही.

तुमचे दोन आजार मात्र वेगळे आहेत.

ड्रायव्हरचं असं, की कर्नल (सिस्टिमचा गाभा) प्रोग्रॅमला दिलेला शब्द पाळतो, जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालतो. कर्नलच्या आत बसणाऱ्या मॉड्यूलांना (ड्रायव्हर त्यातलाच) असा शब्द नाही, आणि हे मुद्दामच. कर्नलच्या सोर्समध्ये जे ड्रायव्हर आहेत ते बदल करणाराच जाता जाता नीट करून ठेवतो. एनव्हिडियासारख्या बाहेरच्यांनी आपलं आपण बघायचं. म्हणून डीकेएमएस लागतं, ते नवं कर्नल आलं की मॉड्यूल पुन्हा कंपाइल करतं. त्याला हेडर्स (त्या कर्नलसाठी कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) हवेत, आणि बऱ्याचदा घोडं इथेच अडतं: एकाच कर्नलचे हेडर्स टाकलेले असतात, नव्या कर्नलबरोबर नवे हेडर्स आणणारं ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी64’ हे मेटापॅकेज नसतं. कर्नल पुढे जातं, हेडर्स मागे राहतात, स्क्रीन काळी. ते मेटापॅकेज टाका. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते, तेही तपासा. आणि एक जुनं कर्नल कायम ठेवा, ग्रबमधून (सुरू होतानाच्या मेनूतून) त्यात शिरता येतं.

टोकनची गोष्ट मी स्वतः भोगलीय. फोर्टमधल्या एका सीएच्या ऑफिसातली मशीन मी सांभाळतो. 18 तारखेला एक मशीन डेबियन 11 वरून 12 वर नेलं (20 ला जीएसटीचं 3बी रिटर्न भरायचं असताना हा शहाणपणा!). टोकन चाललं. मग साफसफाईच्या उत्साहात ऑटोरिमूव्ह (नको झालेली पॅकेजेस काढणारी कमांड) केलं आणि टोकन मेलं. विक्रेत्याच्या हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, ‘सर, विंडोजवर करा ना.’

टोकनच्या लायब्ररीवर ‘एलडीडी’ (तिला आणखी कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवल्यावर कळलं: तिला ओपनएसएसएल 1.1 ही एन्क्रिप्शनची लायब्ररी हवी होती. डेबियन 12 मध्ये 3.0 आहे. 1.1 चं जुनं पॅकेज ‘लिबएसएसएल1.1’ अपग्रेडनंतरही मशीनवर पडून होतं, म्हणूनच टोकन चालत होतं. पण विक्रेत्याच्या स्क्रिप्टने आपली लायब्ररी परस्पर सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकलेली, एपीटीला (पॅकेजेस टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला) तिचा पत्ताच नाही. जुन्या पॅकेजला कोणी वाली नाही असं समजून त्याने ते काढलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही काढलं असतं. डेबियनच्या स्नॅपशॉट साइटवर जुनी पॅकेजेस मिळतात. तिथून आणून परत टाकलं, पुन्हा आपोआप निघू नये म्हणून ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ करून ठेवलं, 3बी गेलं.

पण तसं कायम ठेवू नका. त्या आवृत्तीला डेबियन 12 वर कोणी सिक्युरिटी पॅच देत नाही. नंतर मी टोकनसाठी वेगळी व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारी दुसरी मशीन) केली. तिच्यात डेबियन 11, यूएसबी तिच्याकडे वळवलेली, ब्राउझरमध्ये सरकारी पोर्टलशिवाय काही उघडायचं नाही. विक्रेत्याची इन्स्टॉलर फाइलही जपून ठेवलीय, कारण त्यांच्या साइटवरून ती कधी गायब होईल याचा नेम नाही.

13 चं म्हणाल तर घाई कशाला? 12 ला जून 2028 पर्यंत एलटीएस (लांब मुदतीचा सिक्युरिटी सपोर्ट) आहे. तोवर 13 मध्ये तुमच्या कार्डाला चालणारा ड्रायव्हर आहे का ते बघा, आणि आधी एखाद्या जादा एसएसडीवर टाकून टोकन लावून बघा. जायचंच असेल तर 21 तारखेनंतर.